उलटं चालणारं पाणी

१४ सप्टेंबर १९८६, रविवार

एक मासा नाही मिळाला. एकसुद्धा नाही!

खाडीवर वाढलेली मी. वेळणेश्वरला माझ्या आबांबरोबर गळ टाकून गरवायला बसायचे तेव्हा भरती लागली की मासा येणार, हे ठरलेलं. इथे देवरूखच्या वर डोंगरात नदीला ना भरती, ना ओहोटी. पाणी आपलं एकाच बाजूला चाललंय. मासा उभा राहणार कुठे?

परतले तेव्हा गोदाकाकी ओटीवर होत्या. त्यांच्याच पडवीतली खोली भाड्याने घेतली आहे. म्हणाल्या, "नर्सबाय, बाईमानसानं गरी घेऊन एकलीनं नदीवर जायाचं? लोकं काय बोलतील!"

बोलू देत. बाळंतपण आणि इंजेक्शन सोडून माझ्याशी बोलतं कोण इथे?

१६ सप्टेंबर

गणपतीला आलेले चाकरमानी आज गेले. एसटी भरून गेली. काकींचा मुलगा शिवा यंदाही मुंबईहून आला नाही. त्याची बायको चिमा तरीही फाट्यापर्यंत जाऊन आली — दुसऱ्यांचे नवरे बघायला!

२१ सप्टेंबर, रविवार

आज आधी गरी टाकलीच नाही. आबा म्हणायचे, "आधी बघ, मग टाक." सकाळभर नदी बघत वर वर गेले. खळखळतं उथळ पाणी सोडून दिलं. उंबराखाली फळं टपटपत होती, तिथे बोटाएवढी शिंगटी लागली. परत सोडली.

मग वळणावर काळा कातळ दिसला. त्याच्यामागे खोल डोह, इथे त्याला कोंड म्हणतात. कातळापासून फेसाची एक रेघ निघते, आणि रेघेच्या आत, काठाकडे — पाणी उलटं चालतं! गरीला औषधाच्या बाटलीचं बूच बांधलं होतं. ते खाली वाहून जाईल म्हणून बघत होते, तर वळलं, काठाकाठाने वर आलं आणि माझ्या पायाशी वाळूला टेकलं. पुन्हा टाकलं. पुन्हा तिथेच! अगदी भरतीसारखं. एकटीच हसत सुटले.

वाहत आलेलं खाणं त्या रेघेवर रेंगाळणार. म्हणजे मासाही तिथेच. टाकली गरी — आणि खवल मासा! चांगला दीड वीत.

दाखवायचा कुणाला? पलीकडून चिमा गवताचा भारा घेऊन चालली होती. मासा उंच धरून तिलाच दाखवला. थांबली. बघितलं. गेली.

तिरफळं घालून कालवण केलं. एकटीला संपत नाही.

२२ सप्टेंबर

उरलेलं कालवण काकींना दिलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून चिमाला वाढताना त्यांचा आवाज — "खा, खा! पोर नाय, बाळ नाय, घो इचारीत नाय, पन खायाला बरी!" मी स्टोव्हला पंप मारत बसले, जोरजोरात.

२८ सप्टेंबर, रविवार

ओले कपडे बदलून लिहायला बसले.

दुपारी कोंडावर होते. हस्ताचा पाऊस वर डोंगरात कोसळत होता, इथे ऊन. बघता बघता पाणी गढूळलं, चढायला लागलं. उठावं म्हणून गरी गुंडाळली, तोच वरच्या साकवावरून, त्या लाकडी पुलावरून, काहीतरी पडलं. लुगडं! चिमा! कातळाच्या बाजूने वाहत आली आणि डोकं बुडालं.

पाय आपोआप खालच्या अंगाला धावले. मग थांबले. फेसाची रेघ! रेघेच्या आत ओढली गेली तर ती वळणार. करंजाची मुळी धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. आली नाही. आली नाही. चुकलं का माझं? — आणि मग काठाकाठाने, हळूहळू, आली. केस हातात आले. ओढली. श्वास नव्हता. तोंडाला तोंड लावून फुंकत राहिले.

खोकली!

३० सप्टेंबर

चहाला कप पुरेनात! सगळी वाडी माझ्या खोलीत. भागोजी, वाडीचा गावकर म्हणजे पुढारी, काकड्या घेऊन आला. "नर्सबायनी पान्याचा गुन वळाकला!" काकी डोळे पुसत प्रत्येकाला सांगत होत्या, "साकव शेवाळलेला. पाय सटाकला पोरीचा."

इतकी माणसं माझ्याकडे कधी आली नव्हती. खोटं कशाला, फार बरं वाटलं. चिमा कोपऱ्यात बसून होती. तिच्याशी कुणी बोललं नाही. चहाच्या गडबडीत मीही नाही.

३ ऑक्टोबर

"पाय नाय सटाकला, बाई." संध्याकाळी चिमा दारात उभी राहून म्हणाली. "मना कशाला काढलंत?"

तिला आत घेतलं. काकींना सांगून आले — आजपासून ही माझ्याकडे राहील.

ती आता झोपलीय. तिचा हात माझ्या डाव्या हातात आहे. उजव्याने हे लिहिते.