एक्स-रेत न दिसलेलं

३ नोव्हें., सोम.
पूजाचा गुडघा अजून सुजलेलाच. पोलीस भरतीसाठी पळते पोरगी. परवा मैदानावर वळताना पाय तिथंच रुतला अन् अंग फिरलं. आज भोकरदनला एक्स-रे काढला. हाड शाबूत! जीव भांड्यात पडला. ह्यांनी तिथूनच मामंजींना फोन लावला, "पोरीला कायबी झालं न्हाई."

४ नोव्हें., मंगळ.
नववी ब. अस्थी व कास्थी, फरक. फळ्यावर दोन रकाने. हाड टणक, कास्थी लवचिक. हाडात रक्तवाहिन्या, कास्थीत नाहीत. म्हणून मोडलेलं हाड सांधतं, फाटलेली कास्थी सहसा भरून येत नाही. पोरांना आपापला कान मुडपून बघायला लावला, तर एकमेकांचेच ओढत बसले मेले.
सानिया उठली. "मॅडम, एक्स-रेत दोन्ही दिसते का?"
"फक्त हाड," म्हणाले. अन् एकदम पूजा आठवली. गुडघ्यातली गादीपण कास्थीचीच.
घरी बोलले नाही. उगं कशाला घाबरवायचं.

९ नोव्हें., रवि.
पूजा परत पळून राह्यली. लंगडत. मामंजी म्हणे, "हाड धड हाय ना? मंग चोचले कशाचे?" मी भाकरी थापत होते. तोंड उघडायला पाहिजे होतं. जानेवारीत मैदानी चाचणी. मलाच ती पळायला हवी होती, गप्प राहण्याचं खरं कारण हेच.

१५ नोव्हें., शनि.
गुडघा अडकला. सरळच होईना. मामंजी अडून बसले, हाडवैद्याकडंच न्यायचं. गेलो टेंभुर्णीला. करीमचाचा, आता पार म्हातारे. मामंजींचा मोडलेला हात त्यांनीच कामट्या बांधून बसवल्ता. मी मनात म्हणतेय, आता हे अंड्याचा पांढरा बलक लावून करकचून आवळणार.
त्यांनी सांध्यावर दोन्ही अंगठे फिरवले अन् हात काढून घेतले. "बाई, हाड बिलकुल बराबर हाय. आतली गादी गेली. ती माझ्याच्यानं जुळत न्हाई. जल्दी मोठ्या डॉक्टरला दाखवा. अन् इतके दिस पळू कसं दिलं हिला?"
एम. एस्सी. झालेली मी. शरमेनं मेले.

१८ नोव्हें., मंगळ.
जालना. एम.आर.आय. गादी फाटलीय. डॉक्टर म्हणाले, आधी थोडी फाटली असेल, पळून वाढली. दोन रस्ते. फाटका तुकडा काढून टाकायचा, तर दीडेक महिन्यात पळू शकेल, पण गुडघा लवकर झिजणार. नाहीतर टाके घालायचे. फाट काठाला आहे, तिथं थोडं रक्त पोचतं, जुळेल म्हणतात. पण पाच-सहा महिने पळणं बंद. म्हणजे ही भरती गेली. पुढची कधी निघेल देव जाणे.


२० नोव्हें., गुरु.
शाळेतून आले तर पूजा ओट्यावर बसलेली.
"मम्मी, एक्स-रेत गादी दिसत न्हाई, हे तुला माहीत होतं?"
"हो."
"कधीपासून?"
सांगितलं. मंगळवार, वर्ग, फळा, सगळं. वाटलं रडेल, भांडेल.  पण म्हणाली, "मंग आता तूच सांग. काढू का शिवू?"
"शिव," म्हणाले. लगेच.
"हे माझ्या गुडघ्यासाठी म्हणतीस, का तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून?"
मी पर्स खाली ठेवून तिच्या शेजारी ओट्यावर बसले. शनिवारी डॉक्टरला कळवायचंय.