डॉक्युमेंटेशनपायी सगळ्या सिस्टरना दुपारची ड्युटी

प्रिय दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (वहिनीलाही सांग. तिला केलेला नमस्कार रागाविना आहे.) तुझी कंबर कशी आहे? नोकरी सोडून रोपवाटिका काढलीस तेव्हा मोकळ्या हवेत दुखणं पळेल म्हणाला होतास. वाकून वाकून ते उलट वाढलं, असं आई सांगते. इकडे सर्व क्षेम. म्हणजे आज तरी आहे.

तुझ्या जागेवर मला चिकटवून गेलास त्याला आता वर्ष होईल. (तुझी खुर्ची एका बाजूला कलते, पण तो विषय निराळा.) तू पायथनमध्ये लिहिलेला हॉस्पिटलच्या ड्युटीचार्टचा प्रोग्राम बिनबोभाट चालला होता. आता आणखी एका हॉस्पिटलला तो हवाय, पण आधी डॉक्युमेंटेशन, म्हणजे कोडची माहितीपुस्तिका, दाखवा म्हणतात. साहेब म्हणाले, "त्यात काय, टूल्स असतात. एक निवड." एक निवड! चपलांच्या दुकानात आत्याला हेच सांगून बघ. स्फिंक्स नावाचं टूल सगळं करतं, पण त्याच्या सेटिंग लावता लावता माझा डबा गार व्हायचा. एमकेडॉक्स देखणं, पण मजकूर बराचसा आपणच लिहायचा, आणि तुझ्या कोडबद्दल मी काय लिहिणार, कपाळ? शेजारचा बोका (माणूसच आहे, डोळे मिटून काम करतो म्हणून हे नाव) म्हणाला, "पीडॉक घे. कोड दाखवला की पानं तयार." आळशी माणसाचा सल्ला नेहमी गोड लागतो. घेतला.

आता ही टूल्स फाइल नुसती वाचत नाहीत बरं का, आत ओढून चालवतातही. आणि तू, माझ्या गुणी भावा, एरवी कोणी न उघडणाऱ्या एका फाइलच्या तळाशी निरोप पाठवायची ओळ उघड्यावर, फाइल ओढली की आपोआप चालेल अशी, टाकून गेला होतास, तीही चाचणीपुरती सगळ्यांना दुपारची ड्युटी लावून! टूलनं ती इमानेइतबारे चालवली. एकूण एक सिस्टरला फोनवर निरोप: आज दुपारी हजर राहणे.

रजेवरच्या आल्या, रात्र जागून नुकत्या झोपलेल्या आल्या, एक तर केसांना रंग लावलेल्या अवस्थेत आली. वॉर्डात पेशंटपेक्षा सिस्टर जास्त. मेट्रनबाईंचा फोन आला तेव्हा बोक्याचेही डोळे उघडले. मी धावत गेले, प्रत्येकीची माफी मागितली. रात्रीच्या ड्युटीची एक सिस्टर भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपली. ते बघून मला खरंच रडू आलं. मेट्रनबाईंनी सगळ्यांना घरी धाडलं आणि मला पाणी दिलं.

परत येऊन ती ओळ अशी बांधून टाकली की मुद्दाम चालवल्याशिवाय चालणार नाही. मग पुन्हा टूल लावलं. पानं झाली! सुबक, डावीकडे अनुक्रमणिका, आणि आत सगळा शुकशुकाट. कारण कोडमधल्या टिपा उचलूनच पानं भरतात, आणि तू टीप लिहिली आहेस अवघी एक: "हे का चालतं ठाऊक नाही. हात लावू नये."

असो. पत्र फार लांबलं. जड कुंड्या उचलू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. रविवारी ये आणि टिपा लिहून दे. वहिनीला विचारून झालंय, ती तुला पाठवायला तयार आहे.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवताना मेट्रनबाईंचा पुन्हा फोन आला. अडीअडचणीला सगळ्यांना एका झटक्यात बोलवायची सोय होती, हे आधी का नाही सांगितलं म्हणून रागावल्यात. त्यांना ती कायमची हवी आहे. तेव्हा पहिली टीप त्या ओळीची लिही, आणि ती मुद्दाम ठेवली होती असं लिही. साहेबांना मी तसंच सांगितलंय.