काठीवर काय लिहिलंय

पूर्णा, भिवंडी
३ नोव्हेंबर २०२४

ती. राहीआक्कास पंढरीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आज भाऊबीज. तू बोलावलं नाहीस, म्हणून आलो नाही. वर्ष होत आलं, तू माझा फोन उचलत नाहीस. तेव्हा पोस्टाला कामाला लावलंय.

एक डिसेंबरला बाबांचं वर्षश्राद्ध. जाताना ते काय बोलले, तुझ्यासमोरच बोलले. पानात जिताडा वाढा, पण बाजारातला नको, घरच्या हातचा. नाहीतर पान रिकामं ठेवा. आपल्या खाडीत आता मासा कुठला? कारखान्यांच्या रंगाने पाणी कधी लाल, कधी निळं. म्हणून तुमच्या केळव्याच्या किनाऱ्यावर गळ टाकायला येणार आहे. सगळी भावकी जेवायला असेल. बापाचं पान रिकामं दिसलं तर मी तोंड कुठे लपवू?

सामान जय्यत आहे. मुलाला, प्रितेशला, घेऊन मुंबईला गेलो आणि दुकानदाराला सांगितलं, सगळ्यात लांब काठी आणि सगळ्यात महाग रीळ काढ. चौदा फुटी काठी, सोनेरी रीळ! गाडीच्या काचेतून काठी बाहेर निघाली होती, तर धामणकर नाक्यावर रिक्षावाल्यांनीसुद्धा वाट दिली. येत्या रविवारी येतो. हसू नकोस.

भाऊजींना नमस्कार. लोभ असू दे, निदान रागाएवढा तरी.

तुझा धाकटा,
पंढरी

केळवे
१२ नोव्हेंबर २०२४

चि. पंढरीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

हसू नको म्हणालास, म्हणून सुरूच्या झाडाआड उभी राहून हसले. तुझे भाऊजी पुढे आले, मी आले न्हाय. पण बघितलं सगळं.

अरे माझ्या गोदामवाल्या शेठा, ते रीळ होडीतून सरळ खाली गळ सोडायचं! ते काठीच्या वर बसतं. तुझ्या काठीच्या कड्या हायत खाली लटकणाऱ्या रिळासाठी. पहिल्याच फेकीला तंगूसाच्या दोरीचा असा गुंता झाला की चिमणीनं त्यात संसार थाटला असता. दुसऱ्या फेकीला तंगूस तुटला आणि गळाच्या वजनाचं शिसं उडालं ते थेट शहाळेवाल्याच्या छत्रीत. बिचारा अजून छत्रीला ठिगळ लावतोय.

आणि शिसं केवढं बांधलंस? पाव किलो! काठीवर बुडाशी लिहिलंय, शंभर ते दोनशे ग्रॅम. तेवढाच भार तिला पेलतो. गोदामाचं शटर घेताना चारदा माप घेतोस, आणि इथे महागाला महाग जोडलं की झाली जोडी?

काठीवर काय लिहिलंय ते वाचायचं रे. न वाचता पुढे जाणारी मी एकटीच अडाणी, असं समजत होते. बाबांच्या तेराव्याला तू कागद पुढे केलास, म्हणालास, आक्का, वारस नोंदीचा हाय, इथे सही कर. मी सही केली, तू साडी दिलीस. पुढे कळलं, तो हक्कसोडीचा कागद होता. आता बाबांच्या त्या जमिनीवर तुझी गोदामं उभी हायत. साडी मी अजून नेसले न्हाय.

माझ्या भावजयीला, मैनाला सांग, मुलांची आठवण येते. तुझी कमी येते, पण येते.

आक्का

पूर्णा
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास शि. सा. न.

सहीचं काय ते तू लिहिलंस, मी वाचलं. त्यावर नंतर बोलू. आधी मासा.

दुकानदार रीळ परत घेईना. मग खाली लटकणारं दुसरं घेतलं. काल येऊन टाकलं, तर भाऊजी वाळूतच बसले पोट धरून. म्हणाले, हे तळ्यातल्या रोहूचं रीळ, याच्यावर तंगूस मावतो केवढा? खरंच, शिसं अर्ध्यावर गेलं आणि तंगूस संपला. काठी पुढे ओढते, मी मागे ओढतो, मनगट सुजलंय. रागाने काठी तुमच्या पडवीत टाकून आलो. तू दाराआड होतीस, मला पाय दिसले.

येताना भिवंडीच्या बाजारातून एक जिताडा घेतला. खोटं कशाला बोलू, मीच धरला असं सांगणार होतो. मैनाने कढई खाली ठेवली. म्हणाली, सासऱ्याला जिवंतपणी फसवलं न्हाय, आता फसवणार न्हाय. तुमचा मासा तुम्हीच रांधा.

आक्का, तेरा दिवस उरलेत. भाऊजींचं जुनं रीळ दे. पाया पडतो.

तुझा,
पंढरी

केळवे
२४ नोव्हेंबर २०२४

चि. पंढरीस आशीर्वाद.

पाया पडायला मनगट बरं होऊ दे आधी.

रीळ देत न्हाय. तुझ्या काठीला मीच ते बसवून बघितलं. खाऱ्या हवेनं काळं पडलंय, पण आकार बरोबर, तंगूस भरपूर मावतो, आणि हातात धरली की काठी कुठेच झुकत न्हाय. दीडशे ग्रॅम शिसं, ताजी कोलंबी. काल भरतीला टाकली. भाऊजींनी न्हाय, मी. अडीच किलोचा जिताडा लागला रे! ओढताना रडले, खोटं सांगत न्हाय. फ्रीजरमध्ये ठेवलाय.

आता मला एक सांग. बाबांना घरच्या हातचा मासा हवाय, आणि कागदावर तर मी ते घर सोडलंय. मग माझ्या हातचा मासा त्यांच्या पानात चालेल कसा?

म्हणून एकच अट. एक तारखेला मी मासा घेऊन येते. पान वाढायच्या आधी तो हक्कसोडीचा कागद काढ आणि भावकीसमोर मला मोठ्यानं वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. सही झाली ती झाली. वाचायचं राहिलंय. वाचून झाल्यावर मी त्या घरची की न्हाय, ते सगळ्यांसमोर तूच सांग. न्हाय म्हणालास, तर मासा परत नेईन आणि पान रिकामं राहील.

सगळ्यांना गोड पापा, तुला सोडून.

आक्का

पूर्णा
२७ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास शि. सा. न.

काल कपाटातून कागद काढला. सराव म्हणून मैनासमोर वाचायला बसलो. गट नंबर वाचला, चतुःसीमा वाचल्या. मग ओळ आली, ‘मी राहीबाई, कोणाच्याही दबावाशिवाय, मजकूर वाचून व समजून, राजीखुशीने लिहून देते की’. तिथे कागदाची घडी घातली. परत उघडला, परत त्याच ओळीशी घडी घातली.

आक्का, तू ये. मासा मिळाला नसता तरी ये म्हटलं असतं, आता तुला खरं वाटणार नाही. सगळं वाचतो. फक्त तेवढी एक ओळ सोडून वाचली तर चालेल का?

मैना म्हणते, न्हाय चालणार.

तुझा,
पंढरी