जुन्या फोनांना न पोचलेली सूचना

२ नोव्हेंबर, इस्लामपूर
शिरवळहून प्रशांतचा फोन. कारखान्यातली पाळी संपवून मेंढपाळांसाठीच्या आपल्या ॲपचा कोड लिहिणारा एकटा माणूस. "सर, जुन्या अँड्रॉइडला सोडावं लागंल. सर्व्हरचं कुलूप बदलायचंय, त्याची किल्ली जुन्या फोनला लागत न्हाई." खूप भांडलो. कोड जगाला खुला आणि दार फक्त नव्या फोनवाल्याला, ही कसली मुक्ती? शांतपणे ऐकून म्हणाला, "मग जुन्याचं काम तुमी बघता का?"
मला भाषण येतं. कोड नाही.

४ नोव्हेंबर
होकार दिला. पण मेंढपाळांकडे फोन कसले? जुनेच. फौजेतला भाचा सुट्टीवर नवा घेऊन येतो, जुना मामाच्या खिशात. कोणत्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावणं आहे, कुठे फवारणी झालीय, हे शेतकऱ्याच्याच आवाजात त्यांना कळावं म्हणून तर ॲप. आणि तेच सुटणार. निदान सांगून सोडू. माझ्या आवाजात सूचना केली: "जुन्या फोनवर आता नवे निरोप येणार नाहीत. ॲपवर विसंबू नका." खणखणीत झाली.

९ नोव्हेंबर
नवी आवृत्ती गेली. कुणाची तक्रार नाही. हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

१७ नोव्हेंबर
पाटणच्या अलीकडून बिरूमामांचा फोन, आटपाडीकडचे मेंढपाळ. दुसऱ्याच्या मोबाइलवरून. "आवं सर, मेंढरं पडाय लागल्यात!" त्यांच्या ॲपवर आधीचं बोलावणं होतं: या, रान मोकळं हाय. नंतर शेतकऱ्याने "फवारलंय, येऊ नका" असा निरोप टाकला. तो मामांना आलाच नाही.
"माझी सूचना ऐकली नाही?"
"कसली सूचना?"
प्रशांतला विचारलं. म्हणाला, सूचना नव्या आवृत्तीतच घातली होती. ती आवृत्ती जुन्या फोनवर उतरतच नाही.
म्हणजे ज्यांच्यासाठी बोललो ते सोडून सगळ्यांनी ऐकलं. प्रशांत रडत होता. मीही विचारलं नव्हतं, सूचना जाणार कशी.

१८ नोव्हेंबर, पाटण
मेलेली मेंढरं पुरली. शेतकरी हात जोडून उभा. मामा त्याला ओलांडून माझ्याकडे आले. म्हणाले, "ॲप दिलं त्या दिशी पारावर तुमी म्हणला, फोन केवढाबी जुना असू द्या, ह्ये तुमचंच. लय ग्वाड बोलता, सर."
मामांची बहीण तानूबाई कळप घेऊन पुढे गेलीय, कोयनानगरच्या अंगाला. तिच्याकडेही तसलाच फोन. लागत नाही.

१९ नोव्हेंबर, घाटात
सकाळपासून मी नि मामा, जीपने. वस्तीवर विचारलं. "मेंढरं व्हय? कालच खाली गेल्यात की."
खालच्या रानाचं बोलावणं मामांच्या फोनात अजून वाजतं: या, बसवा. खरं की शिळं? माझ्या नव्या फोनला इथे रेंज नाही.
पुढे जीप जात नाही. वळणावर लेंड्या दिसल्या, ओल्या. मामा चालूही लागले. हाका मारतायत, "तानेऽ"
वही मिटून मीही उतरतोय