लिओनीची अर्धी जाळी

वॉल्थम, ८ नोव्हेंबर १९५६

लाडक्या डेलिमाताई,

तुझ्या फिलोमिनाची घट्ट मिठी.

तुझी लेक लिओनी देवाघरी गेली, तेव्हा तिच्या सगळ्या वस्तू पाठव, असं तू लिहिलं होतंस. कोट आणि जपमाळ पोचली ना? एक वस्तू मात्र मी पाठवली नाही.

संगणकाच्या स्मृतीसाठी आम्ही बायका मोहरीएवढ्या चुंबकी कड्यांतून तारा ओवून जाळ्या करतो. लिओनीची जाळी अर्धीच राहिली होती. एकीची जाळी दुसरी कधी पुरी करत नाही, कारण हाताचा ताण वेगळा पडतो. आमच्या कारखान्याचे डॉयलसाहेब म्हणाले, "भंगारात टाका, बाई."

"माझ्या भाचीची आहे. मी ओवते."

"आधी चष्म्याचा नंबर बघा!"

ती तशीच तुला पाठवावी, असं फार वाटलं. पण लिओनी म्हणायची, "मावशी, आपल्या गावच्या बायकांनी विणलेले गालिचे लोक तुडवतात. माझी जाळी कुणाच्या पायाखाली येणार नाही!" तिला ती यंत्रात बसलेली बघायची होती. म्हणून मी पुरी केली. तपासणीत खरी उतरली. काल ती बसवली आणि यंत्राचं कपाट बंद झालं.

माझे डोळे बरे आहेत, संध्याकाळी थोडं पाणी येतं इतकंच. तू जेवतेस ना?

आता तिचं माझ्याकडे काहीच उरलं नाही. रागावली असलीस तरी दोन ओळी लिही, ताई.

तुझीच,
फिलोमिना