पाच वर्षांनी आलेली अडचण

चि. सौ. दिपमालास तानुअक्काचे पोटभर आशीर्वाद.

धुळ्याला देवपुरात तू आणि नवलराव बरी असाल. त्यांचे ढेकर कमी झाले का, ते कळव. आम्ही इथे सुखरूप आहोत (हे वाक्य पत्र संपल्यावर पुन्हा वाच). फोनच केला असता, पण आमच्याकडे फोन स्पीकरवर लावून अख्खं घर ऐकतं. म्हणून हे चिकटवलेलं पाकीट, रोज तुमच्याकडच्या शाळेत येणाऱ्या प्रेमराज मास्तरांच्या हाती.

माझी पाळी जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हा वाटलं, सुटले. कसची सुटले! महिन्याचे चार दिवस बाहेर बसायचं, तीच आपली रजा होती. ती रद्द झाली आणि वर बढती मिळाली. तानुअक्काला आता अडचण नाही म्हटल्यावर नवस कुणाचाही असो, नैवेद्याचे पुरणाचे मांडे माझ्याच चुलीवरच्या खापरावर. मलाही मिरवायला आवडायचं, खोटं कशाला बोलू? (खोटं पुढे येतं.)

यंदा उन्हाळ्यापासून मात्र मांडा हातावर फिरवता फिरवता दम चढायला लागला. जबडा दुखे, पाठीत कळ, घामाने अंग निथळून निघे. बाया म्हणाल्या, ही त्या वयाची उष्णता, सब्जा पी. एवढा सब्जा प्याले की पोटात वाफा लागला असता. तुझ्या दाजींना सांगितलं, छातीत धडधडतं. ते म्हणाले, "छातीचं दुखणं बाप्यांचं असतं." (जणू ते त्यांच्या सातबाऱ्यावर चढलंय.)

मग एका सकाळी शेजारची लताबाई परात घेऊन दारात. गल्लीतल्या अभिमनच्या नातवाचं जावळ, मांडे साठ. साठ ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बाहेर बसलेय." छप्पन्नाव्या वर्षी! लताबाईची परात खाली पडली, ती गोल फिरत थेट गोठ्यापर्यंत गेली. मी ओसरीत गोधडी टाकली. सून चहा हातात आणून देई, पाय लांब करून मी जुने पेपर वाची. दिपमाला, लग्नानंतर इतकं सुख मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची आपली आशाताई ज्योती धापा टाकत आली. "अक्का, बठ्ठा गावमा बोंब शे, सगळ्यांना कळलंय! एवढ्या वर्षांनी रक्त दिसणं चांगलं नाही, आत्ताच्या आत्ता दाखवायला चल." आता खोटं कबूल करावं तर साठ मांडे, न करावं तर डॉक्टर. मी डॉक्टर निवडला.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना आत गेल्या गेल्या सगळं कबूल केलं. त्या पोट धरून हसल्या. मग दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला आणि हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, पाळी असते तोवर अंगातला एक रस रक्ताच्या नळ्या मऊ ठेवतो. पाळी गेली की तो आटतो, नळ्या ताठ होतात, दाब चढतो, हृदयाला जोर पडतो. मी म्हटलं, कळलं, आपल्या केळीतली ठिबकची नळी. दोन उन्हाळे खाल्ले की कडक होते, आतून क्षार धरते, आणि मोटार बिचारी घुरघुरत बसते. आपण मात्र मोटारीला सब्जा पाजतो! बाई म्हणाल्या, बायकांचं हृदय दर वेळी सिनेमातल्यासारखं छाती धरून पडत नाही, कधी नुसता दम आणि जबडाच बोलतो. गोळी सुरू केली, आणि तपासण्या होईपर्यंत खापर बंद.

श्रावणातला कानबाईचा सण तीन आठवड्यांवर आला. खापर सुटलं तर गाव मला कशाला हाक मारणार, हे एवढंच मनाला लागतं. बाकी क्षेम.

तुझी,
तानुअक्का

ता. क. – हृदयाची सोनोग्राफी येत्या गुरुवारी, तुझ्या घराजवळच आहे. घरी सांगितलंय की दिपमाला आजारी आहे, बघून येते. दाजींचा फोन आला तर जरा कण्ह.

ता. क. दुसरा – मला भीती वाटते. आत जाताना हात धर.

ता. क. तिसरा – माझ्या मागोमाग तुझंही नाव लावलंय. तुझी पाळी जाऊन आठ महिने झाले. अक्षय्यतृतीयेला जिना चढताना चौथ्या पायरीवर थांबलीस आणि "गुडघे" म्हणालीस. गुडघे दुखतात तेव्हा माणूस गुडघा धरतं, दिपमाला, जबडा नाही. आपल्या घराण्याचं खोटं डॉक्टरकडे जाऊनच संपतं. रक्त घेणार आहेत, चहासुद्धा न पिता ये. नंतर खायला चार मांडे आणते (सुनेने केलेले, मी खुर्चीवर बसून नुसती नावं ठेवली. पोरीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, पण हे तिला सांगू नकोस).