घोटभर मान

३ एप्रिल, सकाळ
परदेश! हद्द ओलांडली. उल्मासदादाच्या ट्रकात मागे जर्दाळूची पोती, पुढे आम्ही दोघं. मार्गिलानहून निघताना होशिमकाका म्हणाले, "सोबिर, आठवडाभर अल्माटीत कॉफी शिकून ये. जमलं तर चहाखान्यातला खिडकीजवळचा कोपरा तुझा, मशीन मी घेतो. नाही जमलं तर समोवर आहेच." शाळा सोडल्यापासून तो चहाचं पाणी उकळायचा समोवरच पेटवतोय मी. आता बास.
निश्चय: रोज वेगळा कॅफे, रोज वेगळी कॉफी. आणि लोकांशी मोठ्याने बोलायचं.

४ एप्रिल
पहिला कॅफे. फळ्यावर ढीगभर नावं. मी कॅपुचिनो म्हणणार होतो. वाटेत घोकतच आलो. काउंटरवरच्या मुलीने काय देऊ विचारलं आणि घसाच बंद. थंडी बाधली असणार. मग फळ्यावरच्या पहिल्या ओळीकडे बोट केलं. एस्प्रेसो.
तिने जे आणलं ते बघून मी उठून उभाच राहणार होतो. कप बाहुलीचा, आणि त्यात एक घोट! आमच्याकडे पाहुण्याला प्याल्यात घोटभरच चहा ओततात. जितका कमी, तितका मान. संपला की प्याला पुढे करायचा, परत घोटभर. म्हणजे बसा हो, घाई काय. आणि प्याला काठोकाठ भरला की समजायचं, आता बूट शोधा. इतका कमी तर काका फक्त व्याह्यांना ओततात. आणि मला, पहिल्याच दिवशी!
चव: करपलेल्या कढईची. पण भारदस्त. मग रिकामा कप धरून बसून राहिलो. परत ओतायला कोणी आलं नाही. गर्दी होती.
मुलीच्या एप्रनवर नावाची पट्टी होती. तोगझान.

५ एप्रिल
दादाला सांगितलं. तो हसून हसून स्टिअरिंगवर पडला. म्हणाला, "अरे येड्या, ती कॉफीच तेवढी असते. सगळ्यांना तेवढीच देतात." दादा जन्मभर जर्दाळू वाहतोय. त्याला काय माहीत.
दुसरा कॅफे. बोलणारच होतो, पण मागे रांग. लोकांचा खोळंबा नको म्हणून पहिल्या ओळीवर बोट. इथेसुद्धा घोटभर! शहरात माझ्याबद्दल बोलणं झालेलं दिसतंय.

७ एप्रिल, दुपार
आणखी कॅफे झाले. सगळीकडे फळ्यावर पहिली ओळ तीच. निश्चय थोडा बदलला: एकच कॉफी, पण खोलवर.
काकांचा फोन. किती प्रकार शिकलास विचारत होते. मी म्हटलं, खोल अभ्यास चाललाय. तर म्हणाले, "खोल म्हणजे? विहीर खणतोयस का?"
झोप नाही. हात थरथरतात, छातीत धडधडतं. तोगझानमुळे असणार.

८ एप्रिल
परत तोगझानकडे. आज रीतीप्रमाणे वागलो. रिकामा कप उजव्या हाताने पुढे केला, डावा हात छातीवर. तिने कप घेतला, माझ्याकडे बघितलं आणि सिंकमध्ये ठेवला. लाजली.
मग म्हणाली, "परत हीच? कडू नाही लागत?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. पण बोलणं सुरू झालं म्हणायचं.

१० एप्रिल, सकाळ
शेवटचा दिवस. दुपारी ट्रक निघणार. आज बोलायचं म्हणजे बोलायचं. तिला म्हणणार, मशीन कसं चालवता ते दाखवा. तेवढं शिकलो की कोपरा माझा. आंघोळ करताना वाक्य पाठ केलं.

१० एप्रिल, दुपार
बोललो! वाक्य निघालं दुसरंच: "तुम्हाला वाटेल ते द्या." पण निघालं. तोगझान हसली. म्हणाली, "अरे वा, बोलता येतं की तुला!" बराच वेळ मशीनशी खुडबूड करत होती. मग स्वतः टेबलापाशी घेऊन आली.
मोठा कप. काठोकाठ. वर एक थेंब मावणार नाही. दुधाच्या फेसात काहीतरी नक्षी काढलेली. निरोपाची खूण असणार.
इतके दिवस मान दिला, आणि मी एक वाक्य बोललो तर हे! समजायचं ते समजलो. छातीवर हात ठेवला, उठलो, बाहेर आलो. चाखलीसुद्धा नाही.
नवा निश्चय: बोलायचं नाही.

१० एप्रिल, संध्याकाळ, हद्दीवरची रांग
दादा मला शोधत कॅफेत गेला होता, हे आत्ता सांगतोय. कप तसाच पडला होता म्हणून यानेच पिऊन टाकला. "लोण्यासारखी होती रे." पैसेही घेतले नाहीत म्हणे तिने. नक्षी बदामाची होती म्हणे. आणि तोगझानने त्याला विचारलं, "तुमचा भाऊ न पिताच का पळाला? आला की मशीनकडे टक लावून बसायचा. आज मी त्याला चालवायला देणार होते."
मी म्हटलं, ट्रक वळव. दादाने पुढे बघितलं, मागे बघितलं. दोन्हीकडे ट्रकच ट्रक. म्हणाला, "वळव म्हणे! गाढवगाडी वाटली का तुला?"
दादाला तिखटमीठ लावायची सवयच आहे. बदाम नसेल. पान असेल.

१२ एप्रिल, मार्गिलान
काकांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला शेजारी बसवून घेतलं. विचारलं, कोणकोणती कॉफी चाखलीस? म्हटलं, एस्प्रेसो. आणखी? म्हटलं, तीच, पण खोलवर. मशीन चालवलंस? म्हटलं, बघितलंय. रोज बघितलंय. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "पोरा, ती दुधाची कशी लागते रे?" मी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "लोण्यासारखी."
काकांनी किटली उचलली आणि माझा प्याला भरला. काठोकाठ. थोडा चहा चटईवरही सांडला.
हात थरथरला असणार त्यांचा. वय झालं आता. मी उठून समोवर पेटवायला गेलो.